घरचं सोलर पावसात सकाळी बंद, दुपारी चालू आणि आता डीसी बॉक्सला जळका वास, काय करू?

मृण्मयी_कराड

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आई-बाबा कराडजवळ गावी राहतात, दोघंच, मी पुण्यात. गेल्या डिसेंबरात सूर्यघर योजनेतून घरावर सोलर बसवलं, ५४० वॅटची सहा पॅनल, १ लाख ९० हजार दिले, ७८ हजार सबसिडी बाबांच्या खात्यात जमा पण झाली. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती, बिल शे-सव्वाशेवर आलं, बाबा तर येईल त्या पाहुण्याला आधी गच्चीवर नेऊन पॅनल दाखवायचे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सुरू झालं. सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा, डिस्प्लेवर आयसोलेशन फॉल्ट, मग अकरा-साडेअकराला ऊन आलं की आपोआप चालू. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो पावसाळ्यात असं होतंच ताई, ऊन पडलं की चालू होतंय ना, मग कशाला काळजी करता. तीन फोन झाल्यावर एक पोरगा पाठवला, त्याने पॅनलखाली कुठेतरी काळी टेप गुंडाळली आणि गेला. दोन दिवस बरं, परत तेच.

आता खरी भीती वाटतेय ती पुढच्या गोष्टीची. परवा भुरभुर सुरू झाली म्हणून आई दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर गेली, अनवाणी, आणि तिचा हात पॅनल ज्यावर बसवलीत त्या लोखंडी अँगलला लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. तिने मला लगेच सांगितलं पण नाही, भास झाला असेल म्हणाली. शनिवारी मी गेले तेव्हा जिन्यातल्या डीसी बॉक्सपाशी (पॅनलच्या वायरी इन्व्हर्टरला जाण्याआधी ज्यात येतात तो) प्लास्टिक करपल्यासारखा वास येत होता. बॉक्सचं पारदर्शक झाकण एका कोपऱ्यात तपकिरी पडलंय आणि आत स्विचच्या स्क्रूजवळ लाल वायरचं आवरण फुगून चकाकतंय, मेणासारखं. फोटो काढलेत.

सिस्टीम बंद करून ठेवू का, आणि बंद करायची कशी? कोणाला बोलवू? आणि बसवणारा म्हणतोय सबसिडी आली म्हणजे आमचं काम पूर्ण झालं, आता व्हिजिट चार्ज लागेल, हे खरंय का?

---

वायरमन_सांगली

ताई, आधी बंद करा, बाकी नंतर वाचा.

बाबांना फोन लावून असं सांगा. पायात कोरडी रबरी चप्पल घालायची. इन्व्हर्टरपासून घराच्या बोर्डाकडे वायर जाते तिथल्या एसी बॉक्समधला एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) खाली पाडायचा. मग इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूला गोल फिरवायचा डीसी स्विच असतो तो ऑफवर आणायचा. तो जळका डीसी बॉक्स उघडायचा नाही, त्यातला स्विच पाडायला जायचं नाही, झाकणाला बोटसुद्धा लावायचं नाही. मग गच्चीच्या दाराला कुलूप घाला आणि किल्ली बाबांच्या खिशात राहू दे, आईला निक्षून सांगा की कपडे खाली पडवीत वाळवायचे. घरातली लाईट जाणार नाही, महावितरणची चालूच राहते, फक्त सोलर बंद. चार दिवसांची युनिट गेली तर जाऊ देत.

आणि हे ध्यानात असू द्या की इन्व्हर्टर बंद केला म्हणजे पॅनल बंद झाली असं नसतं. उजेड आहे तोवर पॅनल वीज तयार करतच असतं. तुमची सहा पॅनल एका माळेत आहेत, एकेकाचं उघडं व्होल्टेज (काही जोडलेलं नसताना येतं ते) साधारण ५० धरा, म्हणजे बॉक्सपर्यंत ३०० व्होल्ट डीसी दिवसभर येऊन थांबलेलंच आहे.

लोकांना वाटतं एमसीबी आहे ना, काही झालं तर ट्रिप होईल. इथे तो होत नाही हो. एसीमध्ये शॉर्ट झालं की करंट शेकड्यात जातो म्हणून एमसीबी पडतो. पॅनलचा चालू करंट १३ अँप आणि थेट शॉर्ट केलं तरी १४च्या आतबाहेर, एमसीबीला कळणार कसं की खाली जळतंय? शिवाय एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो, डीसीत शून्य येतच नाही, एकदा ढिल्या स्क्रूवर आर्क (सलग ठिणगी) धरला की वेल्डिंगसारखा जळत राहतो. तुमचं झाकण तपकिरी पडलंय ते त्यामुळेच. बॉक्सच्या फोटोत एमसीबीवरचा छाप मोठा करून बघा, व्होल्टेजच्या आकड्याशेजारी नागमोडी रेघ असेल तर तो एसीचा एमसीबी आहे, घरातल्या फॅन-लाईटचा. डीसीचा असेल तर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असते, किंवा डीसी असं लिहिलेलं असतं. २६ वर्षं वायरिंगच्या धंद्यात आहे, सोलरची कामं आठ-नऊ वर्षं करतोय, दुरुस्तीला गेलो की दर दोन-चार घरांमागे एका बॉक्सात एसीचा एमसीबी सापडतो. डीसीचा महाग पडतो म्हणून हे उद्योग.

सकाळच्या फॉल्टचं सांगतो. इन्व्हर्टर रोज सुरू होण्याआधी बघतो की पॅनलच्या वायरी आणि जमीन यांच्यात नीट इन्सुलेशन आहे का. कुठे कनेक्टरात पाणी शिरलं असेल, वायर अँगलच्या धारेवर सोलली असेल, तर ओलं असताना करंट अँगलमधून जमिनीकडे वाट शोधतो, इन्व्हर्टरला ते दिसतं आणि तो चालू होत नाही. ऊन पडून वाळलं की परत ठीक दिसतं. म्हणजे यंत्र बरोबर सांगत होतं, ऐकणारा ऐकत नव्हता. आणि आईला झिणझिण्या आल्या त्या अर्थी अँगलची अर्थिंग पण धड नाही, नाहीतर तो करंट अर्थिंगमधून निघून गेला असता, तिच्या अंगातून जायला नको होता. भास नव्हता तो, आईंना सांगा.

---

अनिरुद्ध_चिपळूण

आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं, दोन पावसाळ्यांपूर्वी. कोकणातला पाऊस म्हणजे सकाळी फॉल्ट आला की दुपारी जायचाच नाही, चार-चार दिवस सिस्टीम बंद, म्हणून आम्ही लवकर पाठी लागलो, नाहीतर आम्हीही वाट बघत बसलो असतो.

सापडलं काय ते सांगतो. पॅनलमधून बाहेर येणाऱ्या वायरींचे कनेक्टर (एमसी फोर म्हणतात ते) एका बनावटीचे आणि मुख्य केबलला लावलेले दुसऱ्याच बनावटीचे. दिसायला जुळे भाऊ, एकमेकांत बसतात, टक् असा आवाजपण येतो, पण आतली पिन आणि रबरी वॉशर अर्ध्या-एक मिलिमीटरने वेगळे, त्यामुळे पाणी आत. पॅनलच्या कंपन्या वॉरंटीत स्पष्ट लिहितात की वेगवेगळ्या बनावटीचे कनेक्टर जोडू नका. वर आमच्याकडे पिन क्रिंपिंग टूलने दाबलेली नव्हती, (वायरीवर पिन घट्ट दाबायचं हत्यार) साध्या पक्कडीने चेपलेली होती. उघडल्यावर तांबं हिरवं पडलेलं, मोरचूद धरल्यासारखं, आणि प्लास्टिक आतून मऊ झालेलं.

अजून एक बघा. पॅनलखालच्या केबल पांढऱ्या प्लास्टिक टायने बांधल्यात का? त्या उन्हाने वर्षात कडक होऊन तुटतात आणि केबल खाली स्लॅबवर पडते, नेमकी पाणी साचतं तिथे. काळ्या उन्हाला टिकणाऱ्या टाय किंवा स्टीलच्या क्लिपा लागतात. आमचे दोन कनेक्टर चक्क डबक्यात बसलेले होते.

आणि कुणीही काही उघडायच्या आधी फोटो, व्हिडिओ काढा. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक फॉल्ट तारीख-वेळेसकट साठवलेला असतो, त्याचे स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा. आमचा माणूस म्हणाला होता की एकदाच झालं असेल, लॉगमध्ये ४१ वेळा निघालं, मग गप्प बसला.

---

केतकी_मेलबर्न

मृण्मयी, वाचून काळजी वाटली, बंद केलंस का ते आधी सांग.

मी इथे एका सोलर बसवणाऱ्या कंपनीत ऑफिसचं काम बघते म्हणून थोडं माहीत आहे. इथे व्हिक्टोरिया राज्यात सोलर बसवलं की बसवणाऱ्याशी संबंध नसलेला परवानाधारक इन्स्पेक्टर येऊन वायरिंग तपासतो आणि सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळतं. इतकं असूनही इथे छतावर आगी लागल्या आहेत आणि त्यात मोठा वाटा कशाचा होता तर सुरक्षेसाठी म्हणून छतावर सक्तीने लावलेल्या डीसी आयसोलेटर स्विचचा! उन्हापावसात त्यांच्यात पाणी जायचं. शेवटी २०२१च्या स्टँडर्डमध्ये ती सक्तीच काढून टाकली. सांगायचा मुद्दा हा की डीसीच्या बाजूला जितके जोड कमी तितकं बरं, आणि जो जोड आहे तो कोरड्या जागी आणि डोळ्यासमोर हवा. तुमचा बॉक्स जिन्यात आहे म्हणून वास तरी आला. आमच्या सातारच्या काकांकडे बॉक्स गच्चीवर टाकीमागे आहे, तिथे कोण बघणार? त्यांना आजच फोन करते.

---

शिरीष_सातारा

कागदपत्रांचं मी सांगतो, दोन-तीन जणांना या भानगडीत मदत केली आहे.

सबसिडी आली म्हणजे जबाबदारी संपली हे साफ चूक. या योजनेत ग्राहक आणि बसवणारा यांच्यात करार होतो आणि त्यात ५ वर्षं देखभाल बसवणाऱ्याकडे असते. कराराची प्रत काढा, बाबांच्या लॉगिनमध्ये नाहीतर फायलीत असेल. व्हिजिट चार्ज कसला मागतोय? ते कलम दाखवा.

आपल्याकडे १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला २०२४ पासून तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट नाही, अर्ज मान्यच धरला जातो. लोकांना लवकर सोलर मिळावं म्हणून हे केलंय आणि ते चांगलंच आहे, पण त्यामुळे काम नीट झालंय का हे बघायची जबाबदारी बसवणाऱ्यावर आणि शेवटी आपल्यावर येते. नेट मीटर लागला म्हणजे कुणीतरी गच्चीवरचा प्रत्येक जोड तपासला असं समजू नका.

आता क्रमाने. तोंडी बोलणं बंद. फोटो आणि फॉल्टचे स्क्रीनशॉट लावून एक पत्र लिहा, ७ किंवा १० दिवसांची मुदत द्या, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि रजिस्टर्ड पोस्ट तिन्हीने पाठवा. त्यात आईंना शॉक बसला हे तारखेसह लिहा. त्याच्याकडे काम करणाऱ्या विद्युत ठेकेदाराचा परवाना नंबर मागा, असं वायरिंग परवानाधारकाकडूनच व्हायला हवं हा नियम आहे. योजनेच्या पोर्टलवर तक्रार टाका आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवरही नोंदवा. त्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, बसवणारा कुठलाही असो, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलच हवा असंही नाही, फक्त २ वर्षांच्या आत करा. बिल बाबांच्या नावावर असेल तर तक्रारही बाबांच्या सहीने, तुमच्या नाही. इथे बरेच जण चुकतात.

आणि जळालेला भाग बसवणाऱ्याला परत देऊ नका. "वॉरंटीत क्लेम करतो, द्या" म्हणून घेऊन जातात आणि तुमचा पुरावा जातो.

---

मृण्मयी_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या वायरमन काकांनी सांगितलं तसं बाबांनी लगेच बंद केलं, गच्चीला कुलूप. एमसीबीवर नागमोडी रेघच आहे, फोटोत स्पष्ट दिसतेय, बघून पोटात गोळा आला. सहा महिने आई-बाबा त्याच्या शेजारून जिना चढत-उतरत होते.

पत्र गेल्यावर बसवणाऱ्याचा लगेच फोन आला, आवाज एकदम मऊ. उद्या माणूस पाठवतो, नवीन बॉक्स लावून देतो, फक्त सामानाचे साडेचार हजार द्या म्हणाला. येऊ देऊ का? की दुसऱ्याकडून करून घेऊ?

---

वायरमन_सांगली

येऊ द्या पण तुमचा स्वतःचा एक परवानाधारक वायरमन शेजारी उभा करून. दुसऱ्याकडून परस्पर केलंत तर तो म्हणेल तुम्हीच हात लावला, आता आमची वॉरंटी नाही. पैसे द्यायचे नाहीत, खराब माल त्यानेच लावलाय.

नुसता बॉक्स बदलून भागणार नाही, पाणी शिरलेली जागा सापडली पाहिजे. त्याची सोपी युक्ती आहे, तुमच्या वायरमनला सांगा. डीसी स्विच ऑफ असताना माळेच्या प्लस टोकापासून अर्थिंगपर्यंत व्होल्टेज मोजायचं, मग मायनसपासून अर्थिंगपर्यंत. सगळं निरोगी असेल तर दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. कुठे गळती असेल तर आकडा थांबतो आणि जागा दाखवतो. म्हणजे प्लसकडून १०० आणि मायनसकडून २०० आले तर एकेका पॅनलचे ५० धरून प्लसकडून दोन पॅनल सोडून जो जोड आहे तिथे रोग. सहाच्या सहा पॅनल उचलायची गरज नाही. पण हे ओलं असतानाच सापडतं, कडक उन्हात नाही, म्हणून पावसाच्या सकाळीच बोलवा, अंगावर पाऊस नको, नुकता उघडलेला असला की पुरे. मोजणाऱ्याचं मीटर १००० व्होल्टचं हवं आणि हातात मोजे. आकडे घेऊन झाले की मगच कनेक्टर सोडायचे, तेही पॅनलवर जाड ताडपत्री टाकून आणि करंट शून्य आहे हे क्लॅम्प मीटरने बघून. चालू करंटवर एमसी फोर ओढला तर तोंडासमोर आर्क निघतो, माझ्या ओळखीतल्या एकाची दोन बोटं भाजली आहेत.

अर्थिंग मोजल्याशिवाय त्याला सोडू नका. तीन पिट (अर्थिंगचे खड्डे) कागदावर असतात, एक डीसीचा, एक एसीचा, एक वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत उतरवतो तो). अर्थ टेस्टर लावून प्रत्येकाचा आकडा बघा, ५ ओहमच्या आत हवा. वीजरोधकाची पट्टी सरळ खाली जमिनीत गेलेली पाहिजे, वाटेत अँगलला किंवा इन्व्हर्टरला जोडून नाही. काम झाल्यावर मेगर (वायरींच्या इन्सुलेशनची चाचणी) करून रीडिंग कागदावर लिहून सही घ्या.

---

मृण्मयी_कराड

बारा दिवसांनी अपडेट देतेय, उशीर झाला, पण पाऊस हवा तेव्हा उघडत नव्हता.

सकाळी सातला सगळे जमले, बसवणाऱ्याचे दोघं आणि आम्ही कराडहून बोलावलेले एक परवानाधारक वायरमन, वयाने मोठे, फार शांतपणे काम करणारे. त्यांनी काकांनी लिहिलं तसंच मोजलं. प्लसकडून ९८, मायनसकडून १९५, आणि आकडे तिथेच थांबले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलच्या मधे. ताडपत्री टाकून खाली बघितलं तर तीच काळी टेप गुंडाळलेली जागा! टेप सोडली तर आत पाणी तुंबलेलं, वरून पाणी जाऊ नये म्हणून लावलेली टेप आत गेलेलं पाणी बाहेर येऊ देत नव्हती. कनेक्टर पूर्ण बसलेलाच नव्हता, एका बाजूची खाच आत गेलेली आणि दुसरी बाहेर, नखाने ओढला तर निघाला. पिन हिरवी. आणि तो अँगलच्या पन्हाळीसारख्या खोबणीत पडलेला, जिथे पाणी साचतं. अनिरुद्ध, पांढऱ्या टायपण तशाच, सहापैकी चार तुटलेल्या.

बॉक्समध्ये वायरीच्या टोकाला लग (स्क्रूखाली बसणारी धातूची टोपी) नव्हती, एवढंच नाही तर वायर भोकात मावत नव्हती म्हणून थोड्या तारा कापून टाकलेल्या. उरलेल्या तारांतून सगळा करंट जात होता. वायरमन काकांनी (आमच्या, कराडच्या) ते टोक बाबांच्या तळहातावर ठेवून दाखवलं, बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

अर्थिंगचं तर सांगायलाच नको. अंगणात तीन झाकणं होती, बाबांनी त्यांच्याभोवती तुळशीची रोपं पण लावली होती. दोन झाकणं उचलली तर खाली नुसती माती. रॉड एकच, तिन्ही पट्ट्या त्यालाच आणून बांधलेल्या आणि त्याचं रीडिंग ३८ ओहम. अँगलची वायर तर त्या रॉडपर्यंत पोचलीच नव्हती, जिन्याच्या वळणावर जोड निसटून लोंबत होता. आईच्या झिणझिण्या त्यामुळेच.

शिरीषदादा, करारात ५ वर्षांचं कलम निघालं, ते दाखवल्यावर साडेचार हजारांचा विषय पुन्हा निघाला नाही. नवीन डीसी बॉक्स डीसीच्या एमसीबीचा, सगळे कनेक्टर एकाच बनावटीचे आणि टूलने क्रिंप केलेले, केबल स्टीलच्या क्लिपांनी वर बांधलेल्या, हे सगळं आमच्या माणसासमोर झालं आणि मेगरचं रीडिंग सहीसकट घेतलं. दोन नवे पिट झाले, ३.१ आणि २.८ ओहम आलेत. अँगलची वायर आता डीसीच्या पिटाला जोडलीय. जुनी रॉड काढून तिसरा पिट वीजरोधकासाठी करायचाय, तो पाऊस ओसरल्यावर खणून देतो असं लिहून दिलंय, ३० सप्टेंबरच्या आत.

सोमवारी रात्रभर पाऊस होता आणि सकाळी ६.५०ला बाबांचा फोन, हिरवा दिवा लागला म्हणून. आई अजून अँगलपासून हातभर लांबूनच जाते, तिला मी काही म्हणत नाहीये. जळका एमसीबी आणि तो हिरवा कनेक्टर तारीख लिहून डब्यात ठेवलेत, पोर्टलवरची तक्रार तिसरा पिट होईपर्यंत मागे घेणार नाही. त्याचं रीडिंग आलं की इथेच टाकते.